बक्षीस समारंभात दरवर्षी तीच मुलं स्टेजवर येतात, बाकीच्यांचं काय करायचं?

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. पूर्व उपनगरातली अनुदानित मराठी शाळा, पाचवी ते दहावी, पट सहाशेच्या घरात. फेब्रुवारीतल्या पारितोषिक वितरणाची जबाबदारी यंदा पहिल्यांदाच तुमच्याकडे आली आहे. दरवर्षी तीच पंधरा-वीस मुलं पुन्हा पुन्हा स्टेजवर चढतात. मागच्या वर्षी एका पालकांनी तोंडावर विचारलं, "आमच्या पोराला काही मिळणारच नसतं, तर खाडा करून यायचं कशाला?" यावर मुख्याध्यापकांचा तोडगा असा की सगळ्यांनाच प्रमाणपत्र द्या. तुम्हाला तो पटत नाही, पण दुसरं काय करावं तेही सुचत नाही.

मी मुंबईतल्या मराठी माध्यमाच्या शाळेत माध्यमिकला शिकवलं आणि निवृत्तीआधी पर्यवेक्षिका होते. हा समारंभ माझ्याकडे बरीच वर्षं होता, त्यावरून सांगते.

एकाच कार्यक्रमावर आपण दोन कामं लादतो. स्पर्धा-परीक्षांत ज्यांचे नंबर आले त्यांना बक्षीस देणं हे एक. आपण वर्षभर शाळेत जे केलं ते कुणीतरी पाहिलं, हे प्रत्येक मुलाला कळणं हे दुसरं. पहिलं काम थोड्यांचंच असतं आणि ते तसंच राहू द्यावं. दुसरं सगळ्यांचं असतं, पण ते माइकवरून दोन तासांत उरकण्यासारखं नसतं. त्या पालकांची तक्रार दुसऱ्या कामाबद्दल आहे आणि मुख्याध्यापक त्यावर पहिल्या कामाचं औषध देताहेत. तुम्हाला खटकतंय ते हेच.

आता बरंचसं तुमच्या शाळेवर अवलंबून आहे. इमारतीत सकाळ-दुपार अशी दोन अधिवेशनं भरतात का, हॉल स्वतःचा आहे का, शाळा दहावीचं परीक्षा केंद्र आहे का, आणि मुख्य म्हणजे स्टाफरूममधली किती माणसं मनापासून साथ देतील, यावर पुढचं कमी-जास्त करून घ्या.

आधी प्रमाणपत्राचं. सगळ्यांना एकसारखं छापील प्रमाणपत्र देऊ नका. सातवी-आठवीच्या मुलांना त्याची किंमत क्षणात कळते. समारंभ संपल्यावर जिन्यात त्याची विमानं उडताना मी पाहिली आहेत. लहान मुलांच्या बाबतीत तर उलटा परिणाम होऊ शकतो. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका बालवाडीत प्रयोग केला. ज्या मुलांना चित्रं काढायची मुळातच आवड होती, त्यातल्या काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. नंतर मोकळ्या वेळात हीच मुलं बाकीच्यांपेक्षा कमी चित्रं काढू लागली. ज्यांना प्रमाणपत्र अचानक, न सांगता मिळालं होतं, त्यांच्या बाबतीत असं झालं नाही. तेव्हा बक्षिसाचं आमिष आधी दाखवणं आणि केलेल्या कामाची मागाहून दखल घेणं या दोन गोष्टी मुलांवर वेगवेगळं काम करतात, हे धरून चाला.

याच ओघात शंभर टक्के उपस्थितीचं बक्षीस. ते बंद करा; मीही शेवटी केलं होतं. आपल्या शाळांमध्ये ते कुणाला मिळतं ते आठवा. ज्याच्या घरी नळाला वेळेवर पाणी येतं, धाकट्या भावंडाला सांभाळायला आजी असते, दमा नसतो आणि गावी अचानक जावं लागत नाही, त्याला. वाईट म्हणजे ताप अंगावर काढून आलेलं मूल पाच-सहा जणांना ताप देऊन जातं आणि वर बक्षीसही घेतं. कॅलिफोर्नियात सुमारे १५ हजार विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्ण उपस्थितीबद्दल ज्यांना मागाहून बक्षीस दिलं, त्यांची हजेरी पुढच्या महिन्यात किंचित घसरली. आपण अपेक्षेपेक्षा जास्तच हजर राहतोय असा त्यातून मुलांनी अर्थ घेतला, असं संशोधकांचं म्हणणं. हजेरीची दखल घ्यायचीच असेल तर जो पहिल्या सत्रात सारखा दांड्या मारायचा आणि दिवाळीनंतर नियमित येऊ लागला, त्याची घ्या.

नंबरांची बक्षिसं मात्र ठेवा, आणि ती खरी ठेवा. धावण्याच्या शर्यतीत पहिला आला तो पहिलाच. कुणाला वाईट वाटेल म्हणून पाच-पाच उत्तेजनार्थ काढू नका. फक्त बाहेरच्या परीक्षांची यादी वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. शासनाच्या चित्रकला ग्रेड परीक्षा, सहावी आणि नववीसाठीची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा, शिष्यवृत्ती परीक्षा, या सगळ्यांना कोण बसलं हे बरेचदा घरातून ठरतं. फी कुणी भरली, पुस्तकं कुणी आणली, रविवारी परीक्षा केंद्रावर कोण घेऊन गेलं? यादीत तीच मुलं दिसतात याचं अर्धं उत्तर इथेच आहे. पुढच्या जूनमध्ये फॉर्म भरताना वर्गात स्वतः विचारा आणि चार मुलांची फी माजी विद्यार्थ्यांकडून उभी करा. यादी आपोआप बदलायला लागते. शिवाय शिष्यवृत्तीसारख्या परीक्षेचा निकाल तुमच्या समारंभापर्यंत हातात नसतो. मग आपण गेल्या वर्षीचा सत्कार या वर्षी करतो, तोवर मुलाचा उत्साह मावळलेला असतो. निकाल येईल त्या दिवशी परिपाठात नाव घ्या, टाळ्या वाजवा, फलकावर लिहा. समारंभासाठी राखून ठेवू नका.

थोडं विषयांतर होईल, पण मुंबईत शाळेच्या पराक्रमाचा विषय निघाला की ही गोष्ट येतेच. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शिल्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेचा उपांत्य सामना, शारदाश्रम शाळेच्या तेंडुलकर-कांबळी जोडीची ६६४ धावांची अखंड भागीदारी. पुढचा फलंदाज अमोल मुजुमदार पॅड बांधून बसून राहिला आणि त्याची पाळी आलीच नाही. पुढे त्याने रणजी पदार्पणातच २६० धावा केल्या, भारताकडून मात्र कधी खेळायला मिळालं नाही. २०२५ मध्ये भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक तोच होता. तो पुढे मोठा झाला म्हणून मी हे सांगत नाही. स्कोअरबुकात पॅड बांधून बसण्याचा रकाना नसतो आणि आपल्या बक्षीस यादीतही नसतो, म्हणून सांगते. हा रकाना तयार करायचं काम तुमच्याकडे आलंय असं समजा.

तो तयार कसा करायचा, यावर मी जरा सविस्तर बोलते, कारण खरं काम इथेच आहे.

प्रगतिपुस्तकात विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक अशा वर्णनात्मक नोंदी आपण सगळेच करतो. कशा करतो तेही सगळ्यांना माहीत आहे. व्हॉट्सॲपवर फिरणारी तयार यादी उघडायची आणि 'वाचन स्पष्ट व शुद्ध करतो', 'उपक्रमात सहभाग घेते' असं साठ मुलांना वाटून टाकायचं. दोष शिक्षकांचा कमी आहे. वर्षाच्या शेवटी एका बैठकीत साठ मुलांबद्दल खरं काही आठवणं शक्यच नसतं. आठवतात ती पुढच्या बाकावरची आणि त्रास देणारी. मधली चाळीस कुणाच्याच लक्षात राहत नाहीत.

म्हणून आम्ही स्टाफरूममध्ये चहाच्या किटलीशेजारी एक साधी दोनशे पानी वही ठेवली होती. प्रत्येक शिक्षकाने आठवड्याला निदान एक ओळ लिहायची: कोण, कधी, काय केलं. अट एकच. ओळीत क्रियापद हवं, विशेषण नको. हुशार, गुणी, होतकरू, आज्ञाधारक हे शब्द त्या वहीला वर्ज्य. सुरुवातीला कुरकुर झाली, पण हळूहळू अशा ओळी येऊ लागल्या: 'परिपाठात माइक बंद पडला तेव्हा न थांबता मोठ्या आवाजात प्रतिज्ञा पूर्ण केली.' 'प्रयोगशाळेत बीकर फुटला, स्वतः येऊन सांगितलं.' 'उत्तर प्रदेशातून नवीन आलेल्या मुलाला मधल्या सुट्टीत बाराखडी गिरवायला बसवतो.' 'तीन आठवडे अपूर्णांकांच्या बेरजा चुकत होत्या, आज फळ्यावर स्वतःची चूक स्वतःच शोधली.' यातल्या एकाही गोष्टीला चषक नसतो, पण घरी सांगितली तर आई दोनदा सांगायला लावेल.

दुसरी पायरी नीरस आहे आणि तीच लोक गाळतात. दर दोन-तीन आठवड्यांनी वर्गाचा हजेरीपट घेऊन बसायचं आणि वहीत ज्यांचं नाव एकदाही आलं नाही त्यांच्यापुढे टिंब द्यायचं. ती नावं संबंधित शिक्षकांना द्यायची आणि म्हणायचं, या आठवड्यात या पाच जणांकडे बघा. बघितलं की सापडतंच. शिपाई मावशींना विचारा, खिचडी वाढणाऱ्या ताईंना विचारा, पीटीच्या सरांना विचारा. वर्गात तोंड न उघडणारी मुलगी वाचनालयात पुस्तकं विषयवार लावून ठेवते, हे आम्हाला मावशींकडूनच कळलं होतं. वही चार महिने चालली की आणखी एक तपासणी करा: मुलींच्या नावापुढे काय लिहिलंय आणि मुलग्यांच्या नावापुढे काय? आमच्या वहीत मुलींचं सुंदर अक्षर आणि रांगोळी, मुलग्यांचं धाडस आणि प्रश्न विचारणं, असं सरळ दोन गटांत पडलं होतं. हे कुणी मुद्दाम केलं नव्हतं. दिसल्यावर मात्र सगळे वेगळं पाहायला लागले.

इथे एक पथ्य, आणि याबाबतीत मी हट्टी आहे. मुलाची गरिबी माइकवर सांगायची नाही. 'आई चार घरची धुणीभांडी करते तरीही हिने…' असं सूत्रसंचालकाने म्हटलं की सभागृह हळहळतं, पाहुणे डोळे पुसतात आणि ती मुलगी पुढचं वर्षभर वर्गात मान खाली घालून बसते. तिने जे केलं ते सांगा. कशा घरातून येऊन केलं ते तिला हवं तर ती सांगेल. याच कारणासाठी एनएमएमएस या कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठीच्या केंद्र सरकारी शिष्यवृत्तीच्या यादीबाबत जपून राहा. ती परीक्षा देण्यासाठी पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावं लागतं. म्हणजे फोटोसकट यादी फेसबुकवर टाकली की त्या घराचं उत्पन्न आपण चव्हाट्यावर मांडतो. एरवीही फोटोंचं भान हवं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. कायदा बाजूला ठेवला तरी मुलीचं पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी आणि गणवेशातला फोटो एकत्र जगासमोर टाकणं शहाणपणाचं नाही. पालकांच्या ग्रुपवर चालेल, सार्वजनिक पानावर फक्त गटाचा फोटो, नावांशिवाय.

आता वेळापत्रक. दुसऱ्या सत्रात शाळेत गजबज फार असते. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले जयंती, मग संक्रांत, प्रजासत्ताक दिन, शिवजयंती, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, लगेच दुसऱ्या दिवशी विज्ञान दिन. या प्रत्येक दिवशी आपण वक्तृत्व स्पर्धा ठेवतो आणि त्याच चार मुली जिंकतात. दिवस आहेतच, त्यांचा वापर बदला. मराठी दिनाला वहीतल्या ओळींवरून मुलांनीच एकमेकांबद्दल लिहिलेलं हस्तलिखित भिंतीवर लावा. विज्ञान दिनाला ज्यांचा प्रयोग फसला त्यांनी तो का फसला ते सांगावं. आमच्याकडे एकदा बटाट्याच्या विद्युतघटाने दिवा न पेटण्याची कारणं एका मुलाने अशी रंगवून सांगितली की पुढच्या वर्षी फसलेल्या प्रयोगांसाठी मुलांची रांग लागली.

मुख्य समारंभ मात्र मी फेब्रुवारीच्या मध्यात ठेवणार नाही. दहावीच्या पूर्वपरीक्षा, मग तोंडी-प्रात्यक्षिकं, मग बोर्ड. शाळा केंद्र असेल तर वर्ग जातात आणि निम्मे शिक्षक पर्यवेक्षणाला. जानेवारीचा शेवटचा शनिवार बरा. रविवार मुंबईत वाटतो तितका सोयीचा नसतो. लोकलचा मेगाब्लॉक असतो, आणि दुकानात, हॉस्पिटलात किंवा घरकामाला जाणाऱ्यांना रविवारी सुट्टी असेलच असं नाही. दोन तारखा देऊन वर्गाच्या ग्रुपवर पालकांनाच विचारा.

दहावीला यात ओढू नका. त्यांचा निरोप समारंभ असतोच. तिथे वर्गशिक्षकांनी प्रत्येकाबद्दल एकेक ओळ वाचावी, भाषणं कमी करावीत.

दिवसाची आखणी सोप्या हिशेबाने करा. नाव पुकारणं, मुलाने चालत येणं, हार-फोटो, उतरणं, याला घाईघाईत वीस सेकंद धरले तरी शंभर नावांना अर्ध्या तासाहून जास्त वेळ जातो. सहाशे मुलांना स्टेजवर आणणं अशक्यच. म्हणून दोन भाग. पहिला तास आपापल्या वर्गात: पालक मुलांसोबत बाकांवर, आणि वर्गशिक्षक प्रत्येक मुलाबद्दल वहीतली एक ओळ वाचतात. साठ मुलं असली तरी अर्ध्या-पाऊण तासात होतं. मग सगळे हॉलमध्ये, तिथे फक्त नंबरांची बक्षिसं, एक पाहुणा, दहा मिनिटांचं बोलणं. संस्थाचालकांची शाल-श्रीफळं आदल्या दिवशी ऑफिसात उरका. मुलं ताटकळतात ती बहुतेक याच कार्यक्रमात. पाहुणा माजी विद्यार्थी असेल तर उत्तम. तो बोर्डात चमकलेलाच असायला हवा असं नाही. बेस्टच्या आगारातला मेकॅनिक किंवा सरकारी रुग्णालयातली परिचारिका आपल्या कामाबद्दल जे बोलते ते मुलं कान देऊन ऐकतात.

मुख्याध्यापकांना कसं पटवायचं? त्यांना नावं ठेवू नका. मराठी शाळांचा पट घसरतोय, पटावरून शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेची टांगती तलवार आहे, पालक खूश दिसले पाहिजेत, ही त्यांची काळजी खरी आहे. त्यांना म्हणा, सर, सगळ्यांना कागद द्यायचाच आहे, फक्त छापील प्रमाणपत्राऐवजी हाताने लिहिलेलं कार्ड देऊ. त्यावर मुलाचं नाव, ती एक ओळ, वर्गशिक्षकांची सही. जे पालक येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी ते मुलाबरोबर जातं. खर्चही कमी होतो. धोबीतलावहून आणलेल्या प्लास्टिकच्या चषकांचे कान घरी पोचेपर्यंत तुटतात. ते पैसे वाचले तर नंबरवाल्यांना चांगली पुस्तकं देता येतात. आणि त्यांचा बोर्डातल्या यशाचा बॅनर गेटवर लागू दे, त्याला विरोध करण्यात शक्ती घालवू नका.

तुमच्या हातात यंदा थोडेच आठवडे आहेत, त्यामुळे सगळ्या शाळेचं मनावर घेऊ नका. सध्या फक्त पाचवी घ्या, दोन तुकड्या असतील तर दोन्ही. प्राथमिकमधून नुकतीच आलेली मुलं आहेत, त्यांचे पालकही शाळा जोखत असतात. वही उद्याच ठेवा, हजेरीपटाची टिंबं पंधरा दिवसांनी, आणि कार्डं समारंभाच्या आठवडाभर आधी लिहून घ्या, म्हणजे कुणाचं राहिलं ते कळेल. बाकीच्या इयत्तांचा समारंभ जुन्याच पद्धतीने होऊ दे; फक्त तिथली नावं बाहेरच्या सूत्रसंचालकाकडून वाचून घेऊ नका, वर्गशिक्षकांनाच माइक द्या. वर्षातून एकदा पुकारलं जाणारं नाव निदान बरोबर उच्चारलं जाईल.